वेगळेपण कोठे काढावे? : चित्रपुस्तकातील एका पात्राची जडणघडण

गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या क्रीडास्पर्धा पुढे ढकलल्या गेल्या आणि सातवीच्या वर्गाला आठवडाभर मोकळा वेळ मिळाला. भोर-वेल्ह्याचा पाऊस कसा असतो हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. मुलांना कोंडून ठेवण्यापेक्षा एक चित्रपुस्तक तयार करावे असे ठरले. ड्रॉइंग पेपरचे चार ताव मधोमध दुमडून शिवले की सोळा पाने होतात. लहान मुलांच्या गोष्टीला तेवढी पुरतात. विषय मीच दिला : आपण सर्वांहून वेगळे आहोत असे वाटणारे मूल.

तयारी म्हणून मी सांगितले, "प्रत्येकाने स्वतःचे चित्र काढा आणि आपण इतरांहून वेगळे कसे ते त्यात दाखवा." कोणी स्वतःला ताडासारखे उंच काढले, कोणी डाव्या हाताने लिहिताना. घाटमाथ्यावरील धनगरवाड्यावरून आलेल्या मुलाने आपल्यामागे म्हशींची लांबलचक रांग काढली. कातकरी वस्तीवरून आलेल्या एका मुलीने मात्र पाठमोऱ्या सात मुली काढल्या. सातही जणींच्या दोन वेण्या, सारख्याच लाल रिबिनी. मी विचारले, "यांतली तू कोणती?" ती म्हणाली, "मला माहीत आहे ना, बाई." आणि तिने कागद उलटा करून ठेवला.

त्या क्षणी मला ते उत्तर उद्धट वाटले. रात्री वसतिगृहाची फेरी संपल्यावर मला माझीच शाळा आठवली. मी आठवीत होते. जुलैमध्ये फी-सवलतीचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज येत. वर्गशिक्षक म्हणत, "सवलतवाले उभे राहा." आम्ही सात-आठ जण उभे राहत असू. अर्ज भरून होईपर्यंत उभेच. बाकीचा वर्ग माना वळवून पाही. गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हते, काम लवकर उरकावे एवढाच त्यांचा हेतू असावा. परंतु उभी राहण्यापूर्वी मी इतिहासात पहिली येणारी मुलगी होते; खाली बसले तेव्हा सवलतवाली झाले होते. त्या मुलीला मी विचारलेला प्रश्न आणि तो हुकूम यांत फार अंतर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ती सूचना मागे घेतली आणि आम्ही पुन्हा आरंभापासून विचार करू लागलो.

आमच्या वाचनालयात 'वेगळ्या' पात्रांची पुस्तके थोडी नाहीत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पात्र म्हणजे हान्स अँडरसनने 1843 साली लिहिलेले कुरूप पिल्लू. गदिमांच्या गीतामुळे ते मराठी घराघरांत पोहोचले आहे. गोष्ट सुंदर आहे आणि तिने अनेक दुःखी मुलांना धीर दिला, हे मी नाकारीत नाही. पण शेवटाकडे जरा डोळसपणे पाहावे. पिल्लाचे दुःख कशाने सरते? ते जन्मानेच राजहंस होते असे निघाले म्हणून. ते खरोखरच साधे, वेडेबागडे बदक असते तर? त्याला टोचणाऱ्या बदकांनी काही शिकले पाहिजे, असे ती गोष्ट म्हणत नाही. उच्च कुळाचा शोध लागला की सर्व प्रश्न मिटतात. आपल्या मुलांच्या हाती हा तोडगा कसा द्यावा? दुसऱ्या एका प्रकारच्या पुस्तकांत प्राण्याचा रंग किंवा शेपूट निराळी असते, सारे हसतात, मग संकट येते, तीच शेपूट कामाला येते आणि सर्व जण त्याला जवळ करतात. उपयोग सिद्ध झाल्यावर मिळणारी ही माणुसकी मला फारशी मानवत नाही.

तथागतांनी वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांना केलेला उपदेश सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात आहे. गवत आणि वृक्ष, किडे-मुंग्या, मासे, पक्षी यांच्या जाती निरनिराळ्या आहेत, कारण त्यांच्या देहावर तशा खुणा आहेत. माणसाचे मात्र केस, कान, डोळे, नाक, ओठ, हात, पाय असे एकेक अवयव तपासले तरी जातीची खूण कोठेच सापडत नाही. माणसामाणसांतील तो भेद केवळ नावाचा आहे. हे सुत्त मी मुलांना धम्माचा पाठ म्हणून पूर्वी शिकविले होते. चित्र काढावयास बसल्यावर त्याचा दुसरा अर्थ ध्यानात आला. जे देहावर नाही ते चित्रकाराला देहावर काढता येणार नाही. मग ते काढावे कोठे?

उत्तर शोधण्यासाठी आम्ही बाबासाहेबांचे बालपण घेतले. त्यांच्या इंग्रजी आठवणींची छोटी पुस्तिका, 'वेटिंग फॉर अ व्हिसा', पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 साली प्रसिद्ध केली. तिच्यातील पहिलीच आठवण 1901 सालची आहे. वडील खटाव तालुक्यात रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून त्यांच्याकडे निघाली. पाडळीला आगगाडीत बसून ती संध्याकाळी मसूरला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते.

मुलांनी पहिल्या दिवशी जे चित्र काढले त्यात भीम काळासावळा होता, सदरा फाटका, पाय अनवाणी. स्टेशनमास्तर गोरा, अंगाने भरलेला. मी मूळ मजकूर वाचून दाखविला. प्रवासासाठी या मुलांना नवे इंग्रजी पद्धतीचे सदरे, झळझळीत टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे केली होती. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली. त्याने आपुलकीने चौकशी केली. एका विद्यार्थ्याने खोडरबर हातात धरूनच विचारले, "मग त्याने ओळखले कसे?" त्याने ओळखले नाही. त्याने विचारले, आणि भीमाने क्षणाचाही विचार न करता खरे ते सांगून टाकले. त्याबरोबर मास्तरांचा चेहरा बदलला. ते आपल्या खोलीत निघून गेले आणि मुले फलाटावर उभी राहिली.

येथे आमच्या पुस्तकाची मधली चार पाने तयार झाली. डाव्या जोडपानावर प्रश्नापूर्वीचा फलाट, पान उलटले की प्रश्नानंतरचा. दोन्ही चित्रांत मुले अगदी एकसारखी हवीत : तीच टोपी, तोच काठ, उभे राहण्याची तीच ढब. बदलेल तो फक्त मास्तर. पाठमोऱ्या मुली काढणाऱ्या त्याच विद्यार्थिनीने खिडकीच्या काचेवर कागद धरून ती मुले रेघ न् रेघ गिरविली. दुसऱ्या चित्रातील मुलांचे तोंड तिने जरा रडवेले करावे असे काहींचे म्हणणे पडले. ती तयार झाली नाही आणि मला तिचेच पटले. चित्रपुस्तकात पान उलटण्याच्या क्रियेला मोठी शक्ती असते. शब्दांनी जे सांगावयास परिच्छेद लागला असता, ते वाचकाचा हात एका पानात करतो.

साताऱ्याच्या शाळेची पाने त्याआधी येतात. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तेथील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमरावांचे नाव दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात 2017 पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि आपल्या विद्यालयातही भाषणे होतात. भाषणांत गोणपाटाचा उल्लेख असतोच. परंतु आठवणीतील एक तपशील बहुधा सुटतो : ते गोणपाट शाळेत ठेवण्याची सोय नव्हती, कारण झाडलोट करणारा नोकर त्याला शिवत नसे. म्हणून मुलाने ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. नळाचेही तसेच. इतर मुले गुरुजींची परवानगी काढून पाणी पीत. या मुलाला नळ सोडणारा शिपाई लागे. तो जागेवर नसेल तर तहान तशीच राही.

आम्ही त्या पानावर दोनच शब्द लिहिले : शाळा सुटली. चित्रात दप्तरे घेतलेली मुले धावत आहेत, आणि एकाच्या बगलेत दप्तराखेरीज गुंडाळलेले तरट आहे. चित्र जे बोलते ते शब्दांनी पुन्हा बोलू नये, हा या प्रकारच्या लेखनातील मोठा नियम मुले येथे आपोआप शिकली. आमच्याकडे गोणपाट कोणाला समजावून सांगावे लागत नाही. भाताची पोती घराघरांत असतात, लावणीच्या वेळी अजूनही कोणी म्हातारा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बांधावर दिसतो. हिरडस मावळातील एक मुलगा म्हणाला, "आमच्या आज्याच्या खोळीला धुराचा वास येतो, मला तो आवडतो." हे वाक्य मी वहीत टिपून ठेवले आहे. घरी ऊब देणारी वस्तू शाळेच्या उंबऱ्यावर खूण होते. ती करणारे हात चित्रात दिसले पाहिजेत.

जाता जाता 'भीमायन'चा उल्लेख केला पाहिजे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी हाच प्रसंग 2011 साली चित्रांत आणला. त्यांनी माणसांना चौकटीत कोंबले नाही. विखारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकाराच्या फुग्यात लिहिले, मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकारात. मुलाच्या अंगावर वेगळेपण न लादता ते बोलण्यात दाखविण्याची ही युक्ती आमच्या मुलांना फार आवडली, पण नक्कल करायची नाही असे त्यांनीच ठरविले.

खरा वाद झाला तो स्टेशनमास्तरावरून. त्याला राक्षस काढावा असे अर्ध्या वर्गाचे मत. पण आठवणीत पुढे आणखी आहे. मुलांना न्यायला एकही गाडीवान तयार होईना, दुप्पट भाडे देऊ केले तरी होईना. तेव्हा याच मास्तरांनी मुलांना विचारले, "तुम्हांला गाडी हाकता येते का?" मुले गाडी हाकतील आणि गाडीवान बाजूने पायी चालेल असा तोडगा त्यातून निघाला. म्हणजे गृहस्थ मदतही करतो आणि विटाळही पाळतो. राक्षस काढणे सोपे होते. दोन दिवस वाद घालून मुलांनी त्याला साधा, थोडा घामाघूम झालेला, टोपी सारखी करणारा माणूस काढले.

शेवटच्या पानाविषयीही एकमत होत नव्हते. कोणाला मास्तरांनी क्षमा मागावी असे वाटे. तसे घडले नाही, म्हणून मी ते मान्य केले नाही. इतिहासाच्या शिक्षिकेला एवढा हट्ट करण्याचा अधिकार असावा. अखेर एकाने नकाशा काढला : भोर, हिरडोशी, वरंध घाट आणि खाली महाड. आपल्या गावची वाट उतरून जेथे जाते तेथेच 20 मार्च 1927 रोजी त्याच मुलाने, आता बॅरिस्टर होऊन, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सोळाव्या पानावर तळे आले.

या कामानंतर मी विद्यार्थ्यांना दिलेली सूचना बदलली. "तू वेगळा कसा?" असे आता विचारीत नाही. "तुला कोणी, कोठे, काय विचारले होते?" असे विचारते. या प्रश्नातून आमच्या दोन तालुक्यांतली पात्रे हळूहळू कागदावर येऊ लागली आहेत. पूर्वी कात तयार करणारे म्हणून ज्यांना कातकरी म्हटले गेले, त्यांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. हजेरीपटावर त्या मुलांपुढे गैरहजर असा शेरा पडतो. भट्टीवर तेच मूल हजर असते, धाकट्या भावंडाला सांभाळीत असते. ते चित्र कोणी काढावयाचे? एका मुलाने ते अर्धे काढले आहे. त्याच्या पुस्तकात हजेरीपट आहे, भट्टी आहे, अजून मूल नाही. मी घाई करीत नाही.

आमचे पहिले पुस्तक वाचनालयात आहे. दोरा तुटल्याने दोनदा शिवावे लागले. मधल्या जोडपानांचे कोपरे बोटांनी काळे झाले आहेत, कारण पाचवीत नव्याने आलेली मुले तेच पान पुढे-मागे उलटून पाहतात. दोन्ही चित्रांतल्या मुलांत फरक शोधण्याचा ती प्रयत्न करतात. तो सापडत नाही. मग मास्तरांवर बोट ठेवून विचारतात, "बाई, याला काय झाले?"