आकाशांतून उडी : तिचें शिक्षण व तिचा खर्च

कोल्हारच्या प्रवरेवरील पुलावर उभें राहिलें असतां काकडीच्या बाजूस जाणारें विमान कधीं कधीं दृष्टीस पडतें. तेथील शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजीं सुरू झाला. तेव्हांपासून आमच्या मुलांना विमानाचें फारसें नवल राहिलें नाहीं. परंतु गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांतील एका मुलीनें आम्हांस निराळाच प्रश्न केला : "सर, विमानांतून उडी मारायला कुठें शिकवतात?" सारा वर्ग हंसला. पुढें पालकसभेच्या दिवशीं तिचे वडील भेटले. ऊस पिकवून संसार चालविणारे ते गृहस्थ. त्यांनीं हळूच विचारलें, "सर, ह्याला पैसे किती लागतात?" ते मात्र हंसले नव्हते. त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर या लेखांत देत आहों.

प्रथम ही विद्या काय आहे तें पाहूं. हवाई छत्री, म्हणजे पॅराशूट, ही कांहीं आजकालची वस्तु नव्हे. २२ ऑक्टोबर १७९७ रोजीं पॅरिस शहरीं गार्नरें नांवाच्या गृहस्थानें फुग्यांतून वर जाऊन छत्रीच्या आधारें खालीं उडी घेतली. कोंडलेल्या हवेस वाट नसल्यामुळें ती छत्री घड्याळाच्या लंबकाप्रमाणें झोके खात उतरली. पुढें छत्रीच्या माथ्यास भोंक ठेवण्याची युक्ति निघाली. आजची क्रीडेची छत्री गोल नसून लांबट असते. तिच्या कप्प्यांत हवा भरून तिला पंखासारखा आकार येतो, आणि दोन दोऱ्या ओढून ती हवी तिकडे वळवितां येते.

सुमारें १०,००० ते १४,००० फूट उंचीवरून उडी घेतली म्हणजे माणसाचा वेग सारखा वाढत जातो; परंतु दहाबारा सेकंदांत हवेचा विरोध शरीराच्या वजनाइतका होतो व वेग ताशीं १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास स्थिर राहतो. विज्ञानाच्या पुस्तकांत ज्यास आपण अंतिम वेग म्हणतों, तो हाच. असें पाऊण ते एक मिनिट पडल्यावर छत्री उघडावयाची. हें पाऊण मिनिट नीट जावें म्हणूनच सारें शिक्षण असतें.

शिकण्याच्या वाटा तीन आहेत. पहिलींत नवशिक्यास शिक्षकाच्या छातीशीं पट्ट्यांनीं बांधतात. छत्री एकच, आणि ती उघडण्याचें काम शिक्षकाचें. यास अर्ध्या तासाची सूचना पुरते. पण हा अनुभव झाला, विद्या नव्हे. दुसरींत विमानास अडकविलेल्या पट्ट्यानें छत्री आपोआप उघडते; सैन्यांतील छत्रीधारी सैनिक असेच शिकतात. तिसरींत दोन शिक्षक विद्यार्थ्यास दोहों बाजूंनीं धरून त्याच्यासह उडी घेतात, व तो स्वतःची छत्री स्वतः उघडतो.

या तिसऱ्या वाटेवर उडीपूर्वीं बहुधा एक संपूर्ण दिवस जमिनीवरच जातो. पोट पुढें काढून हातपाय पसरून शरीराची कमान कशी करावी, मनगटावरील उंचीमापक किती वेळां पाहावा, छत्री गुरफटली तर ती तोडून राखीव छत्री कोणत्या क्रमानें उघडावी, हें सारें पुनःपुन्हा करवून घेतात. जोरानें उतरण्याची वेळ आली तर दोन्ही पाय व गुडघे जोडून कुशीवर लोळण घ्यावी, हेंहि शिकवितात. पाढे जसे झोपेंतहि म्हणतां यावे, तसे हे धडे हातांत मुरावे लागतात. कारण वर विचार करावयास वेळ नसतो.

अमेरिकेंतील संघटनेचा नियम पाहिला तर पहिला परवाना मिळण्यास किमान २५ उड्या लागतात. दुसऱ्यास ५०, तिसऱ्यास २०० व चौथ्यास ५००. नवशिक्यास छातीशीं बांधून नेणाऱ्या शिक्षकास तर ५०० उड्यांखेरीज तीन वर्षांचा अनुभवहि असावा लागतो. वयाची अट १८ वर्षें आहे.

आतां खर्चाकडे वळूं. शिक्षकाच्या छातीशीं बांधून घेऊन एक उडी मारावयाची तर आपल्या देशांत सुमारें २५,००० ते ३५,००० रुपये पडतात. हरियाणांत नारनौलजवळ अशी सोय आहे. २०२४–२५ च्या हंगामांत उसाचा रास्त भाव १०.२५ टक्के उताऱ्यास टनामागें ३,४०० रुपये होता. म्हणजे ही एक उडी सुमारें सात ते दहा टन उसाची झाली. परदेशीं जाऊन पहिला परवाना मिळवावयाचा तर शिक्षणालाच ३,००० डॉलरच्या घरांत, म्हणजे अडीच लाखांहून अधिक रुपये लागतात. एकरीं चाळीस टन ऊस धरला तर हें जवळजवळ दोन एकरांचें वर्षाचें सगळें पीक झालें; त्यांतून खत, पाणी व मजुरी वजा केलेली नाहीं. प्रवास व राहणें निराळें. पुढें स्वतःचें नवें साहित्य घ्यावें तर आणखी पांच ते आठ लाख.

पैसा इतका कां लागतो, हेंहि समजून घेतलें पाहिजे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाठीवर एक नव्हे, दोन छत्र्या असतात. शिवाय हवेचा दाब मोजणारें एक यंत्र असतें. माणूस बेशुद्ध पडला व ठराविक उंचीखालींहि वेगानें पडत राहिला, तर तें आपण होऊन राखीव छत्री उघडतें. अमेरिकेंत ही राखीव छत्री दर १८० दिवसांनीं परवानाधारक कारागिराकडून उलगडून, तपासून पुन्हा बांधावी लागते. या काळजीचें फळहि दिसतें. त्या देशांत १९७० नंतरच्या दशकांत या खेळांत वर्षाला सरासरीनें चाळिसांहून अधिक माणसें मरत. २०२३ सालीं सुमारें साडेछत्तीस लाख उड्यांत १० माणसें दगावलीं. धोका उणा झाला आहे, नाहींसा झालेला नाहीं. म्हणून जेथें पैसे कमी सांगतात, तेथें काय कमी केलें आहे तें पालकांनीं अवश्य विचारावें.

आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांचें नांव येथें घेतलेंच पाहिजे. १८ एप्रिल २००४ रोजीं, पूर्वीं एकहि उडी मारलेली नसतां, त्यांनीं उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी घेतली. २००६ सालीं दक्षिण ध्रुवाच्या अंटार्क्टिका खंडावरहि त्या उतरल्या. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं थायलंडांत त्यांनीं नऊवारी लुगडें नेसून उडी मारली, आणि २०२३ सालीं एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. मुलांनो, पहिल्या उडीचें धैर्य थोर खरें. पण अनुकरण करावयाचें तें पुढील शेंकडों उड्यांचें. लुगड्याचा पदर वाऱ्यांत न अडकतां छत्री उघडणें हें एका दिवसाच्या धैर्यानें साधत नाहीं.

मग कोल्हारच्या मुलीनें काय करावें? ज्या घरीं दोन एकरांचें पीक या कामीं घालणें शक्य नाहीं, तेथें राष्ट्रीय छात्रसेनेची वाट मोकळी आहे. निवडक छात्रांस आग्रा येथील सैनिकी छत्रीशाळेंत शिक्षण मिळतें, आणि तेथें बापाच्या खिशापेक्षां मुलाची छाती, पाय व शिस्त पाहतात. १९५९ सालीं वायुदलांतील डॉक्टर गीता चंदा या भारतांतील पहिल्या छत्रीधारी स्त्री झाल्या. त्यांनींहि ती विद्या वायुदलांत राहूनच मिळविली.

त्या मुलीस आम्हीं एवढेंच सांगितलें : रोज पहांटे धांव, पदार्थविज्ञान मन लावून वाच, आणि कॉलेजांत गेल्यावर छात्रसेनेंत नांव घाल. वय अठरा होण्यास तुला अद्याप तीन वर्षें आहेत, आणि तीं फुकट जाऊं नयेत. तिच्या वडिलांस आम्हीं खर्चाचा वरील हिशेब एका कागदावर लिहून दिला. त्यांनीं तो दोनदां वाचला, घडी घालून खिशांत ठेवला व म्हटलें, "सर, धांवायला तर कांहीं लागत नाहीं ना?" दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी पहांटे पुलाच्या रस्त्यानें धांवतांना दिसूं लागली, आणि तिच्या मागें, जरा अंतरावर, सायकलवर तिचे वडील.