संकलकाची कात्री आणि ‘प्रभात’

चित्रपटाच्या जाहिरातीत नट-नटींची, दिग्दर्शकाची व संगीतकाराची नावे ठळक असतात. संकलकाचे नाव शोधावे लागते. वास्तविक पडद्यावर काय राहणार हे बऱ्याच अंशी त्याच्या टेबलावर ठरते.

१९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. त्या काळच्या स्टुडिओत नट, सुतार, संकलक असे सारे मासिक पगारावर असत. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून ‘प्रभात’चे चित्र बोलू लागले व संकलकाचे काम अवघड झाले. चित्राची व आवाजाची फीत वेगवेगळी असे. एका सेकंदात २४ चौकटी, एका फुटात १६, म्हणजे मिनिटाला ९० फूट. तयार प्रतीवर आवाज चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापत, त्यामुळे अशी जुळलेली प्रत मध्येच कापली तर शब्द तुटे. म्हणून दोन्ही फिती आधीच समान मापाने कापणे भाग होते. आमच्या गोडादऱ्यात साडीचा ताका कापणारा कारागीरही असाच हिशेबी असतो. 

‘प्रभात’ एकच कथा मराठीत व हिंदीत काढी. १९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया ना माने’ झाला. दोन भाषांत लिहिणाऱ्या आपल्या अंकाच्या वाचकांस ठाऊकच आहे की एकच वाक्य दोन्हीकडे सारख्या लांबीचे नसते. अर्थात मराठीचे माप हिंदीला चालत नसे. प्रसंग पुन्हा नव्याने जोडावा लागे. त्यातच ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही, घड्याळासारखे रोजचेच आवाज आहेत. संगीताखाली झाकावी अशी सोयच नसल्याने चुकीचा सांधा तिथे लगेच उघडा पडला असता. माझ्या मते संकलनाच्या अभ्यासाला यापरता चांगला धडा नाही.

या विभागातून आलेले अनंत माने पुढे दिग्दर्शक झाले. त्यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. गोष्टीत काय गाळावे हे ज्याने आधी शिकले, त्याला काय घ्यावे हे सांगावे लागत नाही.

पुढे १९५३ मध्ये ‘प्रभात’ बंद पडली. १९६० साली त्याच जागेत सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. वरिष्ठाच्या शेजारी बसून, त्याच्या हाताकडे पाहत जी विद्या घ्यावी लागे, तिचा तिथे रीतसर अभ्यासक्रम झाला.