लेहला निघण्यापूर्वी

कोरोनाच्या साथीत २३ मार्च २०२० पासून बंद पडलेली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. देशातली विमाने मात्र २५ मे २०२० पासूनच हळूहळू सुरू झाली होती. साहजिकच सिंगापूर-बँकॉकचे बेत आखलेली मंडळी मनाली, काश्मीर, लेहकडे वळली. साथ ओसरली तरी पुष्कळांना ती गोडी लागून राहिली आहे.

त्यात वावगे काही नाही. पण आफ्रिकेतल्या काही देशांत जायचे तर पीतज्वराची लस सक्तीची असते, त्यानिमित्ताने तरी डॉक्टरांची गाठ पडते. लेहला जाणारा स्वेटरची चौकशी करतो, प्रकृतीची नाही. देशातच तर जायचे, असे वाटते!

माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, २०२२ च्या उन्हाळ्यात विमानाने लेहला उतरले आणि दुसऱ्याच दिवशी खारदुंगला खिंडीत गेले. डोके ठणकू लागले, मळमळले. गुरुजींनी पित्त समजून गोळी घेतली. रात्री धाप लागली तेव्हा इस्पितळ गाठून प्राणवायू लावावा लागला.

आपले कळसुबाई सुमारे ५४०० फूट, लेह सुमारे ११,५०० फूट. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या दोन तृतीयांशच असतो. शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून विमानाने गेल्यास पहिले दोन दिवस चक्क विश्रांती घ्यावी. मद्य व धूम्रपान नको. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे असताना आणखी उंचावर जाऊ नये. बसल्या जागी धाप, खोकला, चालताना तोल जाणे किंवा बरळणे दिसले, तर रात्र काढू नका; प्राणवायू लावून रुग्णाला ताबडतोब खाली न्यावे.

अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या प्रतिबंधक म्हणून उपयोगी पडतात, पण शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. सल्फाची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्या अपाय करू शकतात. हृदयविकार, दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी आधी तपासून घ्यावे. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात.

गुरुजी यंदा पुन्हा निघाले आहेत. मी त्यांना श्रीनगर-कारगिलमार्गे मोटारीने, वाटेत मुक्काम करत जायला सांगितले आहे. त्या रस्त्याने उंची बेताबेताने वाढते. मनालीकडून गेल्यास वाटेतच लेहहून कितीतरी उंच खिंडी लागतात.