कादिसची चिरिगोता आणि आपला वर्ग

स्पेनच्या दक्षिणेला समुद्रकाठी कादिस नावाचं शहर आहे. तिथे दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास कार्निव्हल भरतो. एकसारखी सोंगं घेऊन, ढोल, गिटार आणि पिपाणीच्या साथीने गाणारी विनोदी टोळी म्हणजे ‘चिरिगोता’. महापौर असो, मंत्री असो की राजा, कोणीच सुटत नाही. गाणी मात्र दरवर्षी नवी लागतात.

फाया नाट्यगृहात त्यांची मोठी स्पर्धा होते. पण खरी मजा रस्त्यावर! स्पर्धेत नाव न देता चौकात, पायऱ्यांवर गाणाऱ्या टोळ्यांना गमतीने ‘बेकायदा’ म्हणतात. परीक्षक नाही, त्यामुळे जीभ आणखी सैल.

फ्रँकोच्या राजवटीत १९३७ साली कार्निव्हलवर बंदी आली. १९४८ मध्ये तो दुसऱ्याच नावाने परतला, पण गाणी आधी सरकारी माणसाला दाखवावी लागत. मग कवी दुहेरी अर्थाचे शब्द वापरू लागले. १९७७ ला पुन्हा जुनं नाव मिळालं. हुकूमशहाला गाण्याची भीती का वाटावी, हा प्रश्न चौथीच्या मुलांनाही विचारून बघा.

पालक म्हणतील, मोठ्यांची टिंगल शिकवता का? टिंगल आणि टीका यांतला फरकच तर शिकवायचाय. गटात चार ओळी रचायला द्या. विषय : कोरडा नळ, करपलेली खिचडी, बाईंचा न संपणारा गृहपाठ. कुणाचा रंग, अंग, आडनाव, गरिबी मात्र नको. आणि गृहपाठावरचं गाणं बाईंनी सर्वांत आधी म्हणायला लावायचं.