जुना रेकॉन घेताना

हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने 2008 मध्ये 'नर्फ एन-स्ट्राइक' मालिकेत आणलेला 'रेकॉन सीएस-6' हा ब्लास्टर, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने दाबलेल्या हवेवर फोमचे हलके डार्ट फेकणारी खेळण्यातली बंदूक, आता उत्पादनात नाही. 2012 मध्ये सुरू झालेल्या 'एलिट' मालिकेतील 'रिटॅलिएटर'ने त्याची जागा घेतली. तरीही जोडता-काढता येणारी लांब नळी, खांद्याला टेकवायचा दस्ता आणि सहा डार्टची मॅगझिन यांच्या ओढीने तो जुन्या वस्तूंच्या बाजारात मागितला जातो. हौशी मंडळींचा अनुभव असा की, अशा खेळण्याचे प्लॅस्टिक बरीच वर्षे टिकते, परंतु त्याच्याविषयीच्या सूचना पहिल्या मालकाच्याच घरी राहतात, आणि खरा धोका तेथून सुरू होतो.

रेकॉनच्या बाबतीत ही हरवलेली सूचना अगदी ठोस आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या सहकार्याने हॅस्ब्रोने त्या देशात विकलेले सुमारे 3,30,000 नग 'रिकॉल' केले, म्हणजे दोष दूर करण्यासाठी मालकांना जाहीर आवाहन केले. खटका दाबताच वेगाने सरकणारा नारिंगी प्लंजर, म्हणजे हवा ढकलणारा दट्ट्या, ब्लास्टर अंगाजवळ धरलेला असल्यास त्वचेला चिमटा घेत असे, आणि वळ, काळेनिळे डाग व रक्ताळलेले फोड यांच्या 46 तक्रारी तोवर आल्या होत्या. उपाय साधा होता: मालकाने कळवले की प्लंजरवर बसवायचे कवच विनामूल्य मिळत असे. परंतु ज्या मालकांनी कळवलेच नाही, त्यांचे ब्लास्टर कवचाविनाच पुढच्या हातांत जाऊ शकतात. म्हणून जुना रेकॉन पाहताना रंग किंवा खोका यांच्या आधी कवच आहे की नाही हे पाहावे, आणि ते नसेल तर तो नग मुलाच्या हाती मुळीच देऊ नये. दस्ता खांद्याला लावून गाल टेकवण्याची सवय या रचनेत विशेष घातक ठरते, हेही मुलांना समजावून सांगावे लागते.

दुसरी तपासणी आतली आहे. जुने ब्लास्टर बऱ्याचदा कोणीतरी उघडून अधिक कडक स्प्रिंग घातलेले असतात, आणि बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही. डार्टच्या मागे बसवलेली झडप, जी योग्य डार्ट नसताना हवेचा मार्ग अडवून पेन्सिलीसारख्या भलत्या वस्तू उडू देत नाही, तीही जोर वाढवण्यासाठी काढलेली असू शकते. नेहमीपेक्षा ताणायला जड जाणारा किंवा उघडल्याच्या खुणा असलेले स्क्रू दाखवणारा नग मोठ्यांच्या संग्रहापुरताच ठेवणे शहाणपणाचे आहे.

ब्लास्टर ताणलेल्या अवस्थेत ठेवून देऊ नये, कारण सतत दाबाखाली राहिलेली स्प्रिंग हळूहळू आपली मूळ लांबी गमावते; डार्ट न भरता वारंवार चालवल्यास दट्ट्या उशीविना आदळतो. प्लंजरभोवतीची रबरी कडी कोरडी पडली असेल तर सिलिकॉन ग्रीस वापरावे. शिलाई मशिनच्या खनिज तेलाने काही प्रकारचे रबर फुगते, आणि मग दुरुस्ती महाग पडते.

डार्टच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. जुन्या फोमचा गोंद सुकून टोक निखळते, आणि स्वस्त पर्यायी डार्टची टोके कधीकधी मूळ डार्टपेक्षा कठीण असतात. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी 2017 मध्ये अशा डार्टने इजा झालेल्या तिघांची, दोन प्रौढ व एका 11 वर्षांच्या मुलाची, नोंद प्रसिद्ध केली. तिघांच्याही डोळ्यांच्या पुढच्या भागात रक्त साचले होते आणि मुलाच्या दृष्टिपटलालाही, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या आतील पडद्यालाही, सूज आली होती. मोडीत निघालेल्या खेळण्यासाठी मूळ डार्ट मिळेनासे झाले की पर्यायी डार्टांचा मोह वाढतो, म्हणून संरक्षक चष्मा येथे ऐच्छिक मानू नये. डोळ्याला डार्ट लागल्यास तो चोळू नये, दाबू नये, आणि वेदना ओसरली तरी नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे, कारण आत साचलेले रक्त बाहेरून दिसतेच असे नाही.