राजीनामा सहा महिने थांबू दे

प्रश्न : नाशिकच्या कंपनीत साडेचार वर्षं कायम नोकरीत आहे. माझ्या घरगुती मसाल्यांना मागणी वाढतेय. नोकरी सोडू का?

उत्तर : सोडा, पण सहा महिन्यांनी. सलग ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, आणि पीएफ काढावाच लागला तरी त्यावर कर बसत नाही. (शक्यतो त्याला हात लावू नका.) कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, कारण अपघात सोडल्यास पहिले ३० दिवस आजारपणाचा खर्च सहसा मिळत नाही.

तोवर एफएसएसएआयची नोंदणी करून सुट्टीच्या दिवशी विका. मिरची, धणे, पॅकिंग आणि स्वतःची मजुरी धरून किलोमागे काय उरतं ते मांडा. बहुतेकजणी मजुरी धरतच नाहीत. मला काळजी तिथेच वाटते.