स्वयंचलित मोटार आणि चालकाचे कौशल्य

मोटार चालविणे हे सरावाने टिकणारे कौशल्य आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ते मानवी भांडवल होय, आणि यंत्राप्रमाणे या भांडवलाचाही घसारा होतो. मात्र यंत्र वापराने झिजते, तर कौशल्य वापराअभावी.

वाहनांच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पातळ्या मानल्या जातात. शून्यावर सर्व काम चालकाचे. पाचव्या पातळीवर चालकाची गरजच उरत नाही. कौशल्याचा खरा प्रश्न मधल्या, विशेषतः तिसऱ्या पातळीवर उद्भवतो. येथे ठरावीक परिस्थितीत यंत्रणाच वाहन चालविते. प्रसंग तिच्या आवाक्याबाहेर गेला की ती सूत्रे चालकाकडे सोपविते. २०२० मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १५७ नुसार त्यासाठी चालकाला सर्वसाधारणपणे किमान दहा सेकंदांचा अवधी मिळतो. म्हणजे सोपे काम यंत्राकडे आणि अवघड क्षण माणसाकडे, तोही सराव सुटलेल्या माणसाकडे! हा विरोधाभास लिझान बेनब्रिज यांनी औद्योगिक स्वयंचलनासंदर्भात १९८३ मध्येच मांडला होता.

विमान वाहतुकीने त्याची किंमत मोजली आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिक महासागरात कोसळले व २२८ जण मृत्युमुखी पडले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचल्याने स्वयंचालक यंत्रणा सुटली होती आणि वैमानिकांना विमान सावरता आले नाही. संधी मिळेल तेव्हा वैमानिकांना हाताने विमान चालवू द्यावे, असे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१३ मध्ये कंपन्यांना सुचविले. वैमानिकाची नियमित फेरतपासणी तरी होते. मोटारचालकाची होत नाही. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत मिळालेला खाजगी वाहनाचा परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत वैध राहतो. या काळात कौशल्य किती उरले, हे परवान्यावरून कळत नाही.

अर्थात, यंत्राला विरोध करणे हा यावरील उपाय नव्हे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. आपोआप लागणारा ब्रेक यांपैकी काही जीव निश्चितच वाचवू शकला असता. परंतु पुसट झालेले मार्गिकांचे पट्टे, उलट दिशेने येणारी वाहने आणि रस्त्यावरची जनावरे यांमुळे आपल्याकडे यंत्रणेला वारंवार माघार घ्यावी लागेल. चालकाला सूत्रे हाती घेण्याचे प्रसंग येथे अधिक येतील. परवान्याच्या चाचणीत मात्र उमेदवाराला वाहन चालविता येते की नाही, एवढेच पाहिले जाते. यंत्राकडून ते अचानक ताब्यात घेता येते का, हे तपासले जात नाही.